मदत हवी आहे: जुन्या मराठी फाइली स्क्रीन रीडरवर कशा वाचायच्या?

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाची नजर काचबिंदूने जवळपास गेली आहे. अंबड एमआयडीसीत तो स्टोअरचा हिशोब बघतो, आणि ती नोकरी टिकायलाच हवी. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम) फुकट आहे, मराठीही वाचतो; एक्सेल तो त्यावर सफाईने चालवतो. अडतं ते युनिकोडच्या (अक्षरं साठवण्याच्या आजच्या प्रमाण पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमधल्या फाइलींवर. तिथे नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी ऐकू येते. स्कॅन केलेली चलनं तर वाचलीच जात नाहीत. साहेब मनाने चांगले आहेत, पण खर्चाचं नाव काढलं की गप्प होतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं समान संधी धोरणाचं कलम २१ खासगी कंपन्यांनाही लागू आहे, ते त्यांना दाखवणार आहे.

या फाइली युनिकोडमध्ये खात्रीने कशा आणायच्या? आणि नाशकात स्क्रीन रीडरवर ऑफिसचं काम करणारं कुणी भावाशी थोडं बोलेल का?