मदत हवी आहे: चिलीच्या रेड वाइनला ढोबळी मिरचीचा वास, उरलेल्या ११ बाटल्यांचं काय करू?

सांतियागोकर
मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. १२ बाटल्यांचं खोकं घेतलं, चार-पाच वर्षं मुरवायला. काल पहिली उघडली तर वास ढोबळी मिरचीचा! चिरताना येतो तसा, कच्चा हिरवा. चव मात्र आटवलेल्या जॅमची. शनिवारी ऑफिसातली इथली मंडळी जेवायला येतायत. खराब असेल तर दुकानात परत करतो. लवकर सांगा.

बुचकळ्या
द्राक्ष कुठलं? साल? बूच की फिरकीचं झाकण? बाटल्या ठेवल्यात कुठे? डॉक्टरला फोन करून नुसतं ‘दुखतंय’ म्हणून कसं चालेल?

सांतियागोकर
रेड आहे म्हटलं ना. वर ‘रिझर्वा’ लिहिलंय, म्हणजे मुरवायचीच असणार.

बुचकळ्या
तिथेच फसलात. स्पेनमध्ये रिओहाची रेड रिझर्वा तीन वर्षं मुरवल्याशिवाय विकता येत नाही. चिलीत त्या शब्दाला वर्षांचं बंधन नाही. स्वस्तातली रिझर्वा दोन-चार वर्षांत पिऊन टाकायची असते. मुरवायचीच तर चिलीतल्याच माइपो खोऱ्यातली, काबर्ने द्राक्षाची बरी वाइन घ्या, दहा वर्षं सहज टिकते. ते जाऊ दे. द्राक्ष?

सांतियागोकर
कार्मेनेर, कोलचाग्वा खोऱ्यातली, २०२२. बूच आहे. कंपनीचं नाव नको, उगाच बदनामी.

मेधाविनी
अहो, कार्मेनेर म्हणजे मिरची असायचीच! मूळचं हे फ्रान्समधल्या बोर्डोचं द्राक्ष. तिथे १९व्या शतकात फायलोक्सेराच्या किडीने वेली खाल्ल्या आणि ते जवळजवळ नामशेष झालं. त्याआधीच चिलीत कलमं गेली होती. तिथे लोक ते मर्लो, म्हणजे दुसरंच एक द्राक्ष, समजून लावत, मर्लो म्हणूनच विकत. १९९४च्या नोव्हेंबरात ज्याँ-मिशेल बूर्सिको या फ्रेंच वेलतज्ज्ञाने माइपोत कार्मेन वायनरीच्या मळ्यात वेल पाहून सांगितलं, हे मर्लो नव्हे. मर्लोपेक्षा काही आठवडे उशिरा पिकतं ते. मर्लोबरोबरच खुडलं की कच्चं राहायचं, म्हणून तो वास.

द्राक्षबागाईतदार
त्या वासाचं मूळ पिरॅझिन, म्हणजे द्राक्षातलंच एक रसायन. घडाभोवतीची पानं काढून ऊन दिलं की कमी होतं. जाता जाता, आमच्या नाशिकची शिराझ घेतली असतीत तर ही वेळच आली नसती.

मेधाविनी
ते तिकडे चिलीत, सांतियागोत बसलेत हो! तिथे नाशिकची शिराझ कोण आणून देणार?

म्हापशेकर
आमच्या गोंयची पोर्ट वाइन बर्फ घालून घ्या. मिरची नाही, कटकट नाही.

अवलिया_७७
मिक्सरमध्ये अर्धा मिनिट फिरवा. वास उडतो. स्वानुभव.

मेधाविनी
चटणी वाटताय की वाइन पाजताय? तासभर जगमध्ये ओतून ठेवली तरी पुरे.

अवलिया_७७
तासभर थांबायला वेळ कुणाला आहे? आधी करून बघा, मग बोला.

बुचकळ्या
भांडा नंतर. मिरचीचा उलगडा झाला, जॅमचा नाही. पिकलेल्या फळाची चव वेगळी आणि शिजलेल्याची वेगळी. दुसऱ्यांदा विचारतो, बाटल्या ठेवल्यात कुठे?

सांतियागोकर
लॉजियात. म्हणजे इथे फ्लॅटला कपडे धुवायची छोटी गॅलरी असते, तिथे. कॅलेफॉनच्या खालच्या फळीवर, उभ्या. घरात दुसरीकडे जागाच नाही.

मेधाविनी
कॅलेफॉन म्हणजे?

सांतियागोकर
गॅसचा गीझर.

बुचकळ्या
देवा! वाइनला १२ ते १५ डिग्री हवी, तीही कायम तेवढीच. तुमच्याकडे आत्ता ऐन उन्हाळा, त्यात डोक्यावर गीझर. तापून वाइन फुगते आणि बूच वर ढकलते. प्रत्येक बाटलीच्या तोंडावरून बोट फिरवा. बूच काचेच्या वर आलंय का, कागद काढल्यावर चिकट लागतं का, ते सांगा. आणि दुकानदाराकडे जाऊ नका, त्याचा काय दोष?

सांतियागोकर
बघितलं. चार बाटल्यांचं बूच नखभर वर आलंय. एकीच्या गळ्यावरून ओघळ सुकलाय, काकवीसारखा. बाकी सात सपाट आहेत. त्यातली एक उघडली. मिरची आहे, पण मागून काळ्या मिरीची आणि जांभळाची चव येते. जॅम नाही. आवडली की राव.

बुचकळ्या
सात वाचल्या म्हणायच्या, पण झळ त्यांनाही लागलीय. बेडरूमच्या कपाटात तळाशी आडव्या ठेवा आणि थंडी संपायच्या आत संपवा. चार-पाच वर्षं विसरा.

मेधाविनी
त्या चारांची शनिवारी बोर्गोन्या करा. लाल वाइनमध्ये स्ट्रॉबेरीचे काप नि साखर घालून गार करायची, चिलीतलीच पद्धत आहे. पाहुणे खूश होतील. वाचलेल्यांतली एक मटणाबरोबर काढा. मिरचीचा वास तांबड्या रश्शात कुणाला कळतोय?

द्राक्षबागाईतदार
रश्शाबरोबर शिराझच.

प्रवासी_पुणे
धागाकर्ते पुण्याचे दिसतात. येताना किती बाटल्या आणता येतात?

बुचकळ्या
ड्यूटी न भरता माणशी दोन लिटर. म्हणजे ७५० मिलीच्या दोनच बाटल्या.

सांतियागोकर
मी सोलापूरचा. स्ट्रॉबेरी किती घालायच्या ते सांगा, बाजारात उभा आहे.