गावातले जुने चर्च: वाचकांचे अनुभव

गोव्यातील व कोकणातील गावांतले एखादे जुने चर्च पाहताना इमारतीपलीकडे काय दिसले, असे आम्ही वाचकांना विचारले होते. आलेल्या पत्रांपैकी तीन देत आहोत.

पणजीहून

तिसवाडीतील तळावलीचे सेंट अ‍ॅनचे चर्च, म्हणजे गावकऱ्यांचे सांताना, १६८१ ते १६९५ या काळात बांधले गेले. त्याचा पाच मजली पांढरा दर्शनी भाग आणि दोन्ही बाजूंचे मनोरे पाहिले की एवढ्याशा गावाने एवढे कसे पेलले, याचे नवल वाटते. मी मुद्दाम जुलैअखेरीस, तवशांच्या, म्हणजे काकड्यांच्या, फेस्ताला (सणाला) गेले होते. सेंट अ‍ॅन ही मरियेची आई, येशूची आजी. म्हणून मूल व्हावे अशी इच्छा असलेली जोडपी तिला तवसे वाहतात. माझ्या पुढच्या तरुणीने पिशवीतून देठासकट कोवळे तवसे काढले, त्याला चिकटलेली माती रुमालाने पुसली आणि मगच ते दोन्ही हातांनी पुढे केले. पावसाळ्यात परसात जे पिकते तेच देवाला द्यायचे, ही रीत मला माहेरच्या नव्याच्या सणाहून मुळीच वेगळी वाटली नाही. बरोक शैलीची थोरवी मी वाचली होती आणि ती खरीही आहे, परंतु हे चर्च मला कळले ते त्या रांगेत.

अलिबागहून

कोर्लईचा किल्ला चढून येणारे बहुतेक जण खालच्या गावातील माउंट कार्मेलचे चर्च न पाहताच परततात, याचे मला मनापासून वाईट वाटते. पोर्तुगीज १७४० मध्ये येथून गेले, तरी गावातील ख्रिस्ती कुटुंबे त्यांच्या भाषेतून घडलेली क्रिओल बोली आजही घरात बोलतात. मराठीतली मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपून बाहेर आलेल्या दोन आज्यांचे मासळीच्या भावावरून त्या बोलीत बोलणे चालले होते. मला पाहताच, कोणाकडे आलात, अशी चौकशी त्यांनी अस्सल कुलाबी मराठीत केली.

वसईहून

नंदाखाल हे २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे गाव. तेथील चर्चमध्ये ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी पाहुणे आले की आम्हाला आनंदच होतो. उपासना चालू असताना मधल्या वाटेत उभे राहून छायाचित्रे मात्र काढू नयेत. नंतर विचारल्यास कोणीही सारे प्रेमाने दाखवील. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या विजयानंतर वसईहून गेलेली, १७२१ साली ओतलेली पोर्तुगीज घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिरावर आहे. तीही अवश्य पाहावी.