माळवदाच्या घरात सापडलेली आजोबांची हत्यारं: साफ कशी करू, माग कसा काढू?

औसेकर नातू

नमस्कार मंडळी. औसा तालुक्यातलं आमचं माळवदाचं घर उतरवायला काढलंय. ढेलजेत जुन्या कणगीआड एक सागवानी पेटी निघाली. माझ्या आजोबांची. ते सुतार. ऐकीव माहिती एवढीच, की काही वर्षं कुर्डुवाडीला बार्शी लाइटच्या रेल्वे कारखान्यात होते, मग गावी येऊन बलुत्यावर औतं, तिफणी, दारं-चौकटी करायचे. ते गेले तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. आता वडीलही नाहीत, त्यामुळे विचारायचं कुणाला?

पेटीत आहे ते असं: एक लोखंडी रंधा, त्यावर ०५ असा आकडा. तीन लाकडी रंधे. दोन वाकस (लाकूड तासायची हत्यारं). सात पटाश्या, त्यातल्या दोघींवर इंग्रजीत ‘कास्ट स्टील’. एक करवत, तिच्या मुठीत पितळी बिल्ला आणि त्यावर ‘वॉरंटेड सुपीरियर’. गिरमिट (भोक पाडायचं), खतकस (रेघ आखायचं). खुणा केलेली एक लाकडी पट्टी, पण त्या खुणा इंचाच्या नाहीत. एका हातोड्यावर ‘बी.एल.आर.’ ठोकलेलं. झाकणाच्या आतून पांढऱ्या रंगात उर्दूत काहीतरी आणि १३४७ हा आकडा.

चुलतभावाचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. तो म्हणतो, ग्राइंडरला तारेचा ब्रश लावतो, अर्ध्या तासात चांदी करून देतो. एक वाकस ‘नमुना’ म्हणून त्यानं केलाही. चकचकीत झाला खरा, पण बघून पोटात कसंतरी झालं. बाकीच्यांना हात लावू दिलेला नाही. काय करावं?

दोन सूत कमी

त्या भावाला चहा पाजा आणि ग्राइंडर त्याच्या दुकानातच राहू द्या.

गंज आणि काळपटपणा यांत फरक आहे. तांबडा, बोटाला लागणारा तो गंज, तो लोखंड खात जातो. वर्षानुवर्षं हात आणि तेल लागून जो घट्ट काळा-तपकिरी थर बसतो तो उलट खालच्या लोखंडाला थोडा आडोसाच देतो. तारेच्या ब्रशला हा फरक कळत नाही. शिवाय कारखान्याचा शिक्का, मालकाची खूण, दुरुस्तीच्या खुणा, सगळं त्या वरच्या केसभर थरातच असतं. तो गेला की तुमच्याकडे उरेल नुसतं भंगार, फक्त चमकणारं.

म्हणून आधी वाचा, मग पुसा. अंधाऱ्या खोलीत हत्यार ठेवा, टॉर्च बाजूनं, अगदी आडवी धरा आणि फोटो काढा. समोरून न दिसणारी अक्षरं सावलीनं उठून येतात. जिथं शंका असेल तिथं बटर पेपर ठेवून पेन्सिल आडवी घासा. लहानपणी नाण्यावर करायचो तसं.

तुमच्या यादीवरून सुचतं ते सांगतो.

०५: आधी शून्य असेल तर बहुतेक इंग्लंडातल्या शेफील्डचा, ‘रेकॉर्ड’ कंपनीचा. ‘स्टॅन्ली’वाले नुसतं ५ लिहीत, ‘रेकॉर्ड’वाल्यांनी शून्य लावलं. पात्यावर नाव असेलच. ‘रेकॉर्ड’चे रंधे १९३१ च्या सुमारास बाजारात आले, त्यामुळे हा रंधा त्याआधीचा नाही. तळ १४ इंच भरतो का तेही मोजा.

‘वॉरंटेड सुपीरियर’ ही कंपनी नव्हे. अनेक कारखाने तोच तयार बिल्ला लावत. कारखान्याचं नाव सापडलं तर करवतीच्या पात्यावर, आम्लानं कोरलेलं आणि फार उथळ. म्हणून पात्याला पॉलिश पेपर अजिबात नको.

‘कास्ट स्टील’ म्हणजे ओतीव लोखंड नाही, इथं बरेच जण फसतात. मुशीत वितळवलेलं पोलाद. बेंजामिन हंट्समन यानं १७४० च्या दशकात शेफील्डमध्ये ही पद्धत बसवली. पटाशीची कड नीट बघा. जुन्या पटाशीत अंग मऊ लोखंडाचं आणि धारेपुरती पोलादाची पट्टी जोडलेली असते, दोघांच्या रंगात बारीक फरक दिसतो.

खुणांच्या पट्टीवरचे भाग मोजून सांगा बरं.

भाता फुंकणारा

आमच्या घरी भाता होता, म्हणून बोलायलोय. ग्राइंडरनं नुसता गंज जात न्हाई, पात्याचं पाणी उतरतंय. धार तापून निळी झाली की समजा पोलाद मऊ पडलं. मग कितीबी पाजळा, दोन लाकडांत धार बसली. त्या नमुना केलेल्या वाकसाची धार बगा, निळा-जांभळा पट्टा दिसायलाय का? दिसला तर तेवढी धार पुन्हा पाणी देऊन करावी लागंल, आन ते काम जुन्या लोहाराकडंच द्या. पट्टा नसंल तर वाचला म्हणायचं.

आन दांडा ढिला झाला म्हणून पाण्यात भिजवत बसू नका. लोक आमच्याकडं कुऱ्हाड आणायचे, रात्रभर हौदात टाकलेली. चार दिवस घट्ट ऱ्हाते. लाकूड फुगतं, लोखंडात दबतं, वाळलं की पयल्यापेक्षा ढिलं. पाचर मारा.

ओपन टू सेल

रंधा विकणार का? चांगला भाव देतो.

औसेकर नातू

नाही हो. 🙂

@भाता फुंकणारा, पट्टा नाही दिसत, वाचला बहुतेक. @दोन सूत कमी, पट्टीवर २४ भाग आहेत.

दोन सूत कमी

मग तो गज आणि ते तसू! २४ तसूंचा एक गज. आपण आज सुतारकामात ‘दोन सूत कमी कर’ म्हणतो ते इंचाचे आठ भाग. तसू त्याच्या आधीचं माप. गज सगळीकडे सारखा नसे, त्यामुळे तुमच्या पट्टीची लांबी मिलिमीटरमध्ये मोजून फोटोसोबत लिहून ठेवा. मला विचाराल तर पेटीतली सगळ्यात मोलाची वस्तू हीच. रेकॉर्डचे रंधे जगात पुष्कळ आहेत.

घरगुती उपाय

एवढं कशाला? बाथरूम धुवायचं ॲसिड पाच मिनिटं. मी पाने, पकडी सगळं तसंच करतो. नाहीतर चिंचेच्या कोळात रात्रभर.

दोन सूत कमी

ॲसिड नको. ते गंजासोबत लोखंडही खातं, उथळ अक्षरं पुसून टाकतं आणि त्याच्या नुसत्या वाफेनं शेजारच्या कपाटातली हत्यारंही गंजतात. चिंच किंवा लिंबूसत्व सौम्य आहे, पण रात्रभर ठेवून झोपलात तर सकाळी लोखंड राखाडी आणि खरबरीत झालेलं मिळेल. अगदीच जाम झालेल्या, शिक्का नसलेल्या वस्तूला अर्धा-पाऊण तास, मध्ये दोनदा बघायचं, मग खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन लगेच कोरडं करायचं.

बाकी सगळ्यांना रॉकेल किंवा पातळ मशीन ऑइल, बोटभर चिंधी, आणि सगळ्यात बारीक स्टील वूल, चार शून्यांचं. तेही शिक्का सोडून. शिक्क्यातला गंज बांबूच्या काडीनं काढायचा. कंटाळवाणं काम आहे, एका पटाशीला एक संध्याकाळ जाते. मी क्रिकेट लावून बसतो.

नेटवर बॅटरी चार्जर आणि धुण्याच्या सोड्याची पद्धत दिसेल. चालते. पण दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टीलचा चमचा लावू नका, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. आणि ते काम अंगणात, बंद खोलीत नाही, कारण हायड्रोजन निघतो.

करडईचं शेत

लाकडाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे मुठींना गोडेतेल चोळायची पद्धत होती. शेंगदाण्याचं तेल वाळतच नाही, वर्षभरात चिकट होऊन धूळ धरतं आणि वास मारतं. खोबरेलही नाही वाळत. करडईचं अर्धवट वाळतं. खरं वाळतं ते जवसाचं, आणि ते आपल्याच भागात घाण्यावर मिळतं. आधी मूठ कोमट पाण्यात पिळलेल्या कपड्यानं पुसा, दोन दिवस सावलीत ठेवा, मग जवसाचा अगदी पातळ हात, पंधरा मिनिटांनी कोरड्या कापडानं पुसून घ्या. कच्चं तेल वाळायला आठवडाही घेतं, घाई नको. वॉर्निश तर नकोच, हाताची झिलई त्याखाली मरते.

महत्त्वाचं: जवसाच्या तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना तापते आणि आपोआप पेट घेऊ शकते. आपल्याकडच्या बेचाळीस डिग्रीत तर विचारू नका. पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून टाका. दांड्यात भुंग्याची बारीक भोकं आणि ताजा भुसा असेल तर तेवढी वस्तू आधी वेगळी ठेवा.

रूळावरचा माणूस

‘बी.एल.आर.’ म्हणजे बार्शी लाइट रेल्वे, आजोबांच्या गोष्टीशी जुळतं. १८९७ ला बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली, १९११ ला लातूरपर्यंत आली. अडीच फुटी रूळ. १९५४ ला सरकारनं घेतली. त्यानंतर ते शिक्के मारायचं कारण उरलं नाही, म्हणजे हातोडा त्याआधीचा धरायला हरकत नाही.

औसेकर नातू

म्हणजे आजोबांनी रेल्वेचा हातोडा घरी आणला की काय! 😅

रूळावरचा माणूस

बाद झालेला माल लिलावात निघायचा हो. आजोबांवर इतक्यात केस टाकू नका.

निवृत्त तलाठी

बाळा, त्या १३४७ कडे कुणी लक्षच दिलेलं नाही. उभी हयात जुने सेतवार (जमिनीची दप्तरं) वाचण्यात गेली, म्हणून सांगतो. आपला भाग निजामाकडं होता, सरकारी कागदात सन फसली, म्हणजे महसुली वर्ष, असायचा. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, जानेवारीपासून पुढं ५९१. हैदराबादेत वर्ष ऑक्टोबरात बदलायचं. म्हणजे १३४७ फसली हे १९३७-३८. पण तोच आकडा हिजरी असेल तर १९२८-२९. निजामाच्या नाण्यांवर हिजरीच असायचा, त्यामुळे दोन्ही शक्य.

आकड्याच्या शेवटी एखादं लहान अक्षर आहे का बघ. फसलीसाठी ‘फे’ लिहीत: लहानसं वेटोळं, वर एक टिंब, डावीकडं शेपूट. हिजरीसाठी दोन डोळ्यांचा ‘हे’, चष्म्यासारखा. आणि बाजूचं लिहिलेलं फोटो काढून गावातल्या एखाद्या उर्दू शाळेत शिकलेल्या म्हाताऱ्या माणसाला दाखव. अशी माणसं आता मोजकी राहिलीत. झाकण पुसू मात्र नको.

औसेकर नातू

काका, ... झाकणाचा डावा अर्धा भाग मी परवाच रॉकेलच्या फडक्यानं पुसला. धूळ होती म्हणून. रंग थोडा फडक्याला आला. आता हात थरथरतोय.

निवृत्त तलाठी

जे उरलंय ते बघ. उर्दूत आकडे डावीकडून उजवीकडंच लिहितात, पण सनाचं अक्षर आकड्याच्या डाव्या अंगाला येतं. टॉर्च आडवी धरून बघ म्हणून वर सांगितलंय ना त्यांनी.

नांदेडचा पाव्हणा

माझ्या मते तुमचा वाकस निर्मळी पोलादाचा असणार! आमच्या नांदेडपलीकडे निर्मल आणि कोनासमुद्रम इथं मुशीत पोलाद करायचे, इराणचे व्यापारी घ्यायला यायचे. जगप्रसिद्ध होतं. पॉलिश करून बघा, जाळीदार नक्षी दिसेल.

दोन सूत कमी

निर्मलचं पोलाद खरं, त्यावर वाद नाही. व्हॉयसी नावाच्या इंग्रजानं कोनासमुद्रमच्या भट्ट्यांचं केलेलं वर्णन १८३२ ला छापून आलंय, आणि मायकेल फॅरेडेनंही हिंदुस्थानी पोलादावर प्रयोग केले होते. पण ते पोलाद मुख्यतः तलवारींच्या पात्यांना जायचं. औसा तालुक्यातल्या वाकसात ते निघेल यावर मी तरी पैज लावणार नाही. आणि नक्षी बघायला पॉलिश करून आम्ल लावावं लागतं, म्हणजे आपण फिरून ग्राइंडरपाशीच आलो. नको.

त्यापेक्षा दोन्ही वाकस घेऊन एखाद्या जुन्या सुताराच्या मेटावर, म्हणजे कामाच्या जागी, जाऊन बसा. मोबाइलवर आवाज टिपा. ‘हे काय’ असं विचारू नका, ‘याला तुम्ही काय म्हणता आणि यानं काय करायचात’ असं विचारा. तिफणीचं दातं घडवताना कुठला वाकस, जूला कुठला, हे हातात घेतल्यावर त्यांना आठवतं. शब्द अडला तर मोल्सवर्थचा १८५७ चा कोश बघा, सुतारकीचे कितीतरी शब्द त्यात सापडतात.

औसेकर नातू

(नऊ दिवसांनी)

उशीर झाला, बांधकामाची गडबड होती.

रंध्याच्या पात्यावर ‘रेकॉर्ड’ आणि ‘इंग्लंड’ दोन्ही निघालं, टॉर्चनंच. तळ बरोबर १४ इंच. एका पटाशीच्या मुठीवर, जळमटाखाली, तीन आडव्या रेघा आणि एक फुली कोरलेली आहे. तशीच खूण लाकडी रंध्यांवर आणि गजाच्या मागच्या बाजूला. रेल्वेच्या हातोड्याच्या दांड्यावरही आहे. शेजारच्या गावचे एक सुतारआजोबा आहेत, त्र्याऐंशी वर्षांचे. त्यांनी बघताक्षणी म्हटलं, “ही तुझ्या आज्याची निशाणी. मेटावर चार जणांची हत्यारं एकत्र पडायची, अक्षरओळख कुणाला होती.” पाऊण तासाचं रेकॉर्डिंग झालंय. मोठ्या वाकसाला हातात घेऊन त्यांनी हवेतच जू तासून दाखवलं.

झाकण. काका, आकड्याच्या डावीकडे मला रंगाचा ओघळ वाटत होता, तो ओघळ नाही. टिंब स्पष्ट आहे, वेटोळं अर्धं आहे. मशिदीजवळच्या एका निवृत्त गुरुजींनी बघून ‘फे’च म्हणून सांगितलं. त्याच्या अलीकडचा शब्द ‘मिस्त्री’. त्याच्यापुढं नाव होतं, ते माझ्या फडक्यात गेलं.

ते फडकं मी धुतलेलं नाही.

आता एकच प्रश्न उरलाय: लहान वाकसाचा दांडा तडकलाय, गावात धावड्याचं लाकूड मिळत नाही. बाभळीचा बसवू का, की तडकलेलाच दोरीनं बांधून तसाच ठेवू?

भाता फुंकणारा

वापरायचा आसंल तर नवा बसवा, सालीकडची पांढरी बाभळ घेऊ नका, आतली लाल घ्या. जुना दांडा फेकू नका. त्याच्यावर निशाणी हाय का बगा आधी.