लॅब्राडूडल घ्यावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही मेलबर्नला असतो. लेकीने लॅब्राडूडलचा (लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर असलेला कुत्रा) हट्टच धरलाय आणि नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी. ही जात 1989 मध्ये इथेच, एका अंध बाईच्या ॲलर्जीवाल्या नवऱ्यासाठी पैदा केली म्हणे. तेव्हाही तिघांतलं एकच पिल्लू चाललं होतं!

परवा ब्रीडरकडे पिल्लू मांडीवर घेतलं, तर 10 मिनिटांत ह्यांचे डोळे लाल. त्याच्याच भावाला तासभर कुरवाळलं, काही नाही. यावर भरवसा ठेवावा? खुब्याचा दोष पिल्लांत उतरू शकतो म्हणून पिल्लाच्या आईबापांच्या खुब्यांच्या एक्स-रेचा रिपोर्ट मागितला, तर म्हणे 'संकर आहे, गरज नाही.' मला काही हे पटलं नाही. तुम्ही काय काय बघून घेतलंत? आणि कानामागचे गुंते घरी विंचरून सुटतात, की दर दीड-दोन महिन्यांनी कातरायला न्यावंच लागतं?