कादंबरीवरचा प्रेमाचा सिनेमा सुचवा, वाचनालयात दाखवायचा आहे

कपाशीवाला: नमस्कार मंडळी. दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव. वाचनालयात प्रोजेक्टर आला आणि बचत गटाच्या बायांनी पहिलीच फर्माईश केली, "रडगाणं नको, प्रेमाचं लावा." माझी अट एकच, सिनेमा कादंबरीवरचा पाहिजे; मागून पुस्तक न्यायला लोक आले पाहिजेत. सासवा-सुना एकाच सतरंजीवर बसणार, तेवढं ध्यानात ठेवा. हरभऱ्याचं ओलित सुरू आहे, त्यात रात्रीची लाइन, म्हणून गडीमाणसं कमीच राहतील.

पोट्टा_अंजनगावचा: 'दुनियादारी' लावा ना भाऊ! शिरवळकरांची कादंबरी हाय.

मास्तरीणबाई: पोट्ट्यांनी तो मोबाइलवर कितींदा पायला असंल! 'शाळा' लावा. मिलिंद बोकिलांची कादंबरी, सुजय डहाकेंचा सिनेमा, २०१२चा. नववीतला जोशी आणि त्याची शिरोडकर. बाहेर आणीबाणी, पण ह्याला चिंता ती आज दिसते की नाही याची. सासूसमोर बिनधास्त चालेल. पुस्तकात जोशी स्वतः बोलतो, ते मनातलं बोलणं पडद्यावर सगळं मावत नाही. म्हणून पुस्तक नक्की मागतील.

कपाशीवाला: बाई, चांगलाच आहे, पण या बायांना शाळेतलं प्रेम पुरंल का? थोडं मोठ्या माणसांचं हाय का काही?

पोट्टा_अंजनगावचा: मंग 'जोगवा'. उपेंद्र लिमये, मुक्ता बर्वे. अजय-अतुलची गाणी.

मास्तरीणबाई: सिनेमा जबरदस्त, राजन गवसांच्या लेखनावरचा. पण देवीला सोडलेल्या दोघांचं दुखणं आहे ते. "रडगाणं नको" म्हणणाऱ्यांना पहिल्याच दिवशी नको. नंतर मात्र नक्की दाखवा.

मेळघाटचा_भाऊ: 'जैत रे जैत' काऊन कोणी सांगून नाही रायलं? १९७७चा, जब्बार पटेलांचा. कादंबरी गो. नी. दांडेकरांची, आणि अप्पा, म्हणजे दांडेकरच, जन्मले आपल्या परतवाड्यात! गोष्ट ठाकर आदिवासींची, कोकणाकडच्या डोंगरातली. ढोल वाजवणारा नाग्या (मोहन आगाशे), नवरा सोडून आलेली चिंधी (स्मिता पाटील). हे बाई लाजत-बिजत नाही, आवडला तर आवडला म्हणते. नाग्याचं वैर राणीमाशीशी. आग्या मोहोळ काय चीज आहे हे आमच्याकडं कोणाले समजवा लागत नाही, वावरातून पळालेले सारेच आहेत. बाया चिंधीवरच बोलत बसतील पाहा. पुढचं सांगत नाही.

मास्तरीणबाई: शेवट मात्र हसवणारा नाही, एवढं बायांना आधीच सांगून ठेवा. गाण्यांसाठी तरी पाहाच: महानोरांचे शब्द, हृदयनाथांचं संगीत.

कपाशीवाला: चिंधी पक्की! पुस्तक वाचनालयात नाही, अमरावतीहून दोन प्रती आणतो. 'शाळा' पुढच्या खेपेला.

मेळघाटचा_भाऊ: प्रोजेक्टरच्या आतल्या स्पीकरवर नका लावू, ढोल फुसका ऐकू येईल. भजनी मंडळाचे बॉक्स मागून आणा.