'सिटी ऑफ अ‍ॅशेस' घेतलंय, पहिला भाग पुन्हा वाचावा का?

पानवेल:
कॅसांड्रा क्लेअरचं 'सिटी ऑफ बोन्स' वाचून वर्ष होत आलं. आता दुसरा भाग घेतलाय, पण सुरुवातीलाच गाडी अडली. मॅरिस तिनेच वाढवलेल्या जेसला घराबाहेर का काढते, चौकशी करणारी इन्क्विझिटर त्याच्यावर एवढी का उखडते, टोटल लागत नाही. पहिलं पुस्तक अख्खं पुन्हा वाचायचं का? आणि मध्ये तिच्याच दुसऱ्या मालिकेतलं 'क्लॉकवर्क एंजल' वाचणं गरजेचं आहे का? पुढचं फोडू नका, प्लीज.

रात्रवाचक:
अख्खं नको. 21, 22, 23 ही प्रकरणं आणि उपसंहार, एवढं पुरे. त्यातलं 21 सगळ्यात मोलाचं, कारण ल्यूक तिथे सर्कलचा, म्हणजे खलनायक व्हॅलेंटाइनच्या जुन्या गटाचा, सगळा इतिहास सांगतो. दुसऱ्या भागातली निम्मी भांडणं त्याच इतिहासातून आलेली आहेत.

मॅरिसचं कोडं असं सुटतं: जेस दहा वर्षांचा होईपर्यंत ज्याला मायकेल वेलँड समजून बाबा म्हणत होता, तो व्हॅलेंटाइनच होता. म्हणजे शॅडोहंटरांच्या (राक्षसांशी लढणाऱ्यांच्या) लेखी हा शत्रूच्या घरात वाढलेला पोरगा, कदाचित हेरही. त्यात मॅरिस आणि रॉबर्ट स्वतः कधीकाळी सर्कलमध्ये होते. संशय घ्यायला तिच्याकडे इतरांपेक्षा जास्त कारण आहे. इन्क्विझिटरच्या रागामागे आणखी एक गोष्ट आहे, ती याच पुस्तकात कळेल.

मालिकेतल्या महत्त्वाच्या जादुई वस्तू तीन: चषक, तलवार, आरसा. चषक माणसाला शॅडोहंटर बनवतो आणि पहिल्या भागाच्या शेवटी तो व्हॅलेंटाइन घेऊन गेलाय. तलवार शॅडोहंटरांकडून खरं वदवून घेते. ती सायलेंट सिटीत असते. हे पुस्तक तलवारीचं आहे.

शाईचाडाग:
वरचं सगळं बरोबर, पण अडायचं मुख्य कारण विसरणं हे नाही असं मला ठामपणे वाटतं. पहिलं पुस्तक बहुतेक नायिका क्लॅरीच्या डोळ्यांनी दिसतं. तिलाही सगळं नवीन, त्यामुळे प्रत्येक गोष्ट समजावून मिळते. इथे तो आधार जातो. प्रस्तावनेत क्लॅरी नाहीच: मॅनहॅटनमध्ये एक वॉरलॉक (जादूगार) पैशांसाठी अ‍ॅग्रॅमॉन या भीतीच्या राक्षसाला बोलावतो. ती पानं चाळून पुढे जाऊ नका. हा राक्षस समोरच्याला ज्याची सगळ्यात जास्त भीती, तेच रूप घेतो, आणि पुढे हे लागतं.

नंतर जेस, सायमन, माया असे डोळे बदलत राहतात, कधी एकाच प्रकरणात. मधे मोकळी ओळ आली की थांबा, पुढच्या दोन ओळींत कोणाचं नाव आधी येतं ते बघा. प्रसंग बहुधा त्याचाच असतो. माया आठवत नसेल तर मागे शोधत बसू नका, ती इथेच पहिल्यांदा येते.

एक चिठ्ठी मात्र पुस्तकात ठेवा: वॉरलॉक, फेअरी, वेअरवुल्फ, व्हॅम्पायर. खून व्हायला लागले की मेलेलं पोर या चारपैकी कुठल्या जमातीचं, त्यापुढे खूण करत जा. व्हॅलेंटाइनचा बेत क्लॅरीच्या आधी तुम्हाला दिसेल.

ओळीमागून:
क्रमाबद्दल. 'क्लॉकवर्क एंजल' 2010 चं आहे, आत्ता नको. 2007, 2008, 2009 चे तीन भाग मिळून एक कथानक पुरं होतं, ते 'सिटी ऑफ ग्लास'पर्यंत सलग वाचा. मग प्रकाशनाच्या वर्षांनुसार दोन्ही मालिका आलटूनपालटून घ्या. 'क्लॉकवर्क प्रिन्सेस' (2013) हे 'सिटी ऑफ हेवनली फायर'च्या (2014) आधी झालंच पाहिजे. शेवटच्या भागातले जुने धागे नाहीतर कोरडे जातात.

2013 चा चित्रपट तिसरा भाग संपेपर्यंत बघू नका. लेखिकेने तिथवर राखून ठेवलेलं एक गुपित त्यात आधीच सांगून टाकलंय. टीव्ही मालिकाही नको. सायमनबाबत दुसऱ्या पुस्तकात जे घडतं, ते तिच्या पहिल्याच सीझनमध्ये येतं.

पानवेल:
21 पासून सुरू करते, आभार. बारा वर्षांच्या भाचीलाही द्यायचा विचार होता. चालेल?

शाईचाडाग:
ताई, दोनेक वर्षं थांबा. रक्तपात आहे, मुलांचे खून आहेत. शिवाय क्लॅरी आणि जेसला आपण भाऊबहीण आहोत असं कळलेलं असूनही त्यांची ओढ संपत नाही, आणि पुस्तक त्यापासून नजर वळवत नाही. फेअरींच्या सीली राणीच्या दरबारातला प्रसंग आधी स्वतः वाचा, मग ठरवा.