कोल्हापुरात राजारामपुरीच्या गच्चीवरून धूलिमेघ टिपता येईल का?

गच्चीवाला: साधा डीएसएलआर, 135 मिमीची लेन्स आणि ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर आहे. ज्येष्ठा ताऱ्याजवळचा रो ऑफियुकी धूलिमेघ हवाय. तासभराचे फोटो स्टॅक केले, म्हणजे एकावर एक रचून एक केले. तारे टोकदार आलेत, शेजारचा एम 4 हा ताऱ्यांचा गुच्छही आलाय, पण धुळीच्या जागी नुसता तपकिरी उजेड. नेब्युला फिल्टर घेऊ का?

रात्रपाळी: भावा, फिल्टरचे पैसे गगनबावड्याच्या पेट्रोलला लाव. तो फिल्टर हायड्रोजन-ऑक्सिजनच्या ठरावीक रेघाच आत सोडतो. वायू स्वतः त्या रंगात उजळतो, म्हणून तिथं तो कामाला येतो. धूळ शेजारच्या ताऱ्याचा उजेड पसरवते, त्यात सगळेच रंग असतात. शहराच्या दिव्यांच्या उजेडाबरोबर धूळही कापली जाणार. आणि ज्येष्ठेच्या पूर्वेला जाणारे काळे पट्टे म्हणजे मागचे तारे झाकणारी धूळ. मागचं आकाशच शहरानं उजळलं तर ते काळे दिसणार कसे?

बार्नार्ड या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञानं 1905 मध्ये आपली दुर्बीण कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर नेली, तिथून याच भागाच्या प्लेटा, म्हणजे काचेवरचे फोटो घेतले. 1919 ला त्यानं अशा 182 काळ्या ठिकाणांची यादी छापली. मला तो माणूस फार मोठा वाटतो.

गगनबावडाच का, तर कोल्हापूरचा उजेड तिथून पूर्वेला राहतो आणि दक्षिणेला राधानगरी-दाजीपूरचं जंगल. धूलिमेघ चढतो दक्षिणेलाच. आपण 16.7 उत्तर अक्षांशावर, त्यामुळं ज्येष्ठा 47 अंशांपर्यंत वर येते. बर्लिनमध्ये जेमतेम 11! मार्चअखेरची अमावास्या धर, पहाटे तीन ते पाच. त्याआधी उसाचा पाला पेटवल्याचा धूर असतो, जूनमध्ये पाऊस.

पंचगंगा_काठ: फ्लॅट्स, म्हणजे एकसारख्या उजळ पडद्याचे फोटो, घेतलेस का? लेन्सच्या कडेचा अंधार काढला नाहीस तर फोटो ताणताना, म्हणजे त्यातला मंद उजेड वाढवताना, धूळ कुठली आणि लेन्सची सावली कुठली, कळत नाही. आणि फोटोतला गोंगाट, म्हणजे दाणेदारपणा, निम्मा करायला चौपट वेळ लागतो, तासाभरात भागणार नाही.

गच्चीवाला: फ्लॅट्स नव्हते, घेतो. दादा, पहाटे घाटात धुकं आलं तर?

रात्रपाळी: दाट आलं तर गाशा गुंडाळायचा. नुसतं दव असेल तर लेन्सला हीटरची पट्टी बांध, पॉवर बँकवर चालते. थांबायचं घाटमाथ्यावर गावालगत, अभयारण्यात रात्री शिरायचं नाही. कॅमेऱ्याच्या मूळ, न बदललेल्या रॉ फाइली इथं टाक, मी ताणून बघतो.